जीभ तोडलेली कॅसेट

मीरा आणि अर्णव,

तुम्हाला मराठी वाचता येतं, फक्त वेळ लागतो. म्हणून वाक्यं लहान ठेवते आहे. ओळखीच्या एका संपादकांनी दिवाळी अंकासाठी माझ्या केबलच्या दिवसांबद्दल लिहायला सांगितलं, आणि मी हो म्हटलं ते तुमच्यासाठी. फोनवर मी हे सांगायला दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा तिकडच्या हवामानावर आले. छापलेलं मागे घेता येत नाही, म्हणून छापूनच पाठवते.

आत्ताच का, तर मीराने गेल्या उन्हाळ्यात माझ्या वतीने इंटरनेटवर एका बाईंना दोन ओळींचं उत्तर लिहिलं: ‘ती कॅसेट बुरशीमुळे खराब झाली. माझी आजी प्रत्येक कॅसेट जिवापाड सांभाळत असे.’ मीराचा यात काही दोष नाही. तिने ते माझ्याच रजिस्टरमधून घेतलं होतं. पण पहिलं वाक्य खोटं आहे, आणि दुसरं, त्या एका कॅसेटपुरतं, त्याहून खोटं आहे.

तुमच्या आजोबांचा नांदुऱ्यात स्टेशनच्या रस्त्याला केबलचा धंदा होता. गच्चीवर तीन मोठ्या डिश, खाली एका खोलीत मशीनं, तिथून खांबाखांबांवरून घराघरांत गेलेली काळी वायर. वायर माकडं तोडायची, ट्रकवरचा कडबा तोडायचा, आणि तक्रार मात्र फोनवर मी ऐकायची. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, अक्षर चांगलं होतं आणि वस्तू जागच्या जागी ठेवायची खोड होती. आजोबा म्हणाले, ‘तू कॅसेटी सांभाळ.’ मी सोळा वर्षं सांभाळल्या.

तुम्ही हवी ती मालिका हव्या त्या वेळी लावता. आमच्याकडे मालिका तिच्या वेळेला यायची आणि नेमकी त्याच वेळी वीज जायची. भारनियमन म्हणत त्याला. आमच्या खोलीत जनरेटर होता. मग मी संध्याकाळच्या मालिका व्हिडिओ मशीनवर उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, घरोघरी वीज असताना, आमच्या गावच्या चॅनलवर लावायची. परवानगी कुणाची घेतली नव्हती. हा गुन्हा आहे हे मला पुढे कळलं. तेव्हा मला ती समाजसेवा वाटायची. एक आजीबाई रोज अकराला फोन करायच्या.

‘मॅडम, कालची सून आज लावसान ना? मी तिले पुरतं पाह्यलं नाही. थोबाडीत मारली अन् लाइट गेली.’

‘लावते आजी, दीड वाजता.’

‘कोनी कोनाले मारली तेवढं आत्ताच सांगा. जेवन जाऊन नाही राह्यलं.’

मी सांगायची. त्यांच्यासाठी मी अर्धं वर्तमानपत्र होते.

त्याच चॅनलवर आम्ही गावचे कार्यक्रमही दाखवायचो. दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात निळा पडदा, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि धूळ बसलेली फुलदाणी, हा आमचा स्टुडिओ. लग्नं, गणपतीची मिरवणूक, शाळेचं संमेलन, आणि महिन्यातून एकदा शेतीचा कार्यक्रम.

कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकचा एक छोटा तुकडा असायचा. आम्ही त्याला जीभ म्हणायचो. जीभ शाबूत असेल तर त्या कॅसेटवर पुन्हा काहीही उतरवता येतं, आणि आधीचं पुसलं जातं. स्क्रू ड्रायव्हरने जीभ तोडली की मशीन त्यावर काही उतरवून घेत नाही. म्हणून जपायच्या कॅसेटची जीभ तोडायची, हा आमचा नियम होता. नियमाला पळवाटही होती. तुटलेल्या जिभेच्या भोकावर सेलोटेपचा तुकडा चिकटवला की मशीन फसतं. ही युक्ती आजोबांनी मला पहिल्याच आठवड्यात दाखवली आणि म्हणाले, ‘दाखवून ठेवतो. वापरायची नाही.’

आता अन्वरभाईंबद्दल.

अन्वरभाई पूर्णेकाठच्या एका गावचे शेतकरी. कपाशी आणि ज्वारी. उंच, जरा वाकलेले, खिशाला कायम पेन. शेतीच्या कार्यक्रमात प्रश्न विचारायचं काम आजोबांनी त्यांच्याकडे दिलं होतं, कारण सबंध तालुक्यात त्यांच्याइतके प्रश्न कुणाला पडत नसत. त्यांची एक सवय होती. कार्यक्रमातला मुख्य प्रश्न ते शेवटी पुन्हा एकदा विचारायचे. पाहुणे वैतागत. मीसुद्धा एकदा म्हटलं, ‘अन्वरभाई, उत्तर तर मिळालं होतं.’

‘भाभी, सवाल दोन खेपा विचारा लागते. एक खेप कानासाठी, एक खेप इमानासाठी. पह्यल्या खेपेले मानूस आठवून बोलते. दुसऱ्या खेपेले तो खरंच बोलते.’

आजोबा हसून म्हणाले, ‘मग तिसऱ्या खेपेला?’

‘तिसऱ्या खेपेले तो उठून जाते, भाऊ.’

बीटी कपाशी नवी नवी आली होती तेव्हाची गोष्ट. बोंडअळी मरते एवढंच लोकांना ठाऊक होतं, आणि पाकिटाची किंमत ऐकून त्यांची छाती दडपत होती. पेरणीच्या आधी आम्ही त्यावर कार्यक्रम केला. बियाणं विकणारे एक दुकानदार पाहुणे म्हणून बोलावले. त्यांचं नाव लिहीत नाही. ते हातातल्या पत्रकात पाहून बोलत होते आणि बहुधा पत्रकावर त्यांचाही विश्वास होता. अन्वरभाईंनी विचारलं, ‘फवारा मारा लागन का?’ ते म्हणाले, एकही नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी एका लग्नाच्या कॅसेटची जीभ तोडत बसले होते. अन्वरभाईंनी ते काय आहे विचारलं. मी सांगितलं.

‘मंग आपल्या कॅसेटचीही तोडा.’

‘शेतीच्या कार्यक्रमाची आम्ही तोडत नाही. महिन्याने त्यावरच दुसरं उतरवतो.’

‘लग्नाची तोडता अन् कपाशीची नाही? भाभी, लग्न मोडलं तं दोन घरं रडतात.’

मी त्यांच्यासमोर जीभ तोडली, निळ्या शाईने लेबल लिहिलं, रजिस्टरमध्ये नोंद केली. त्यांनी तुटलेला तुकडा उचलून खिशात ठेवला. पावती म्हणून, असं म्हणाले.

त्यांच्या गावात अकरा घरांनी ते बियाणं पेरलं. कार्यक्रम सगळ्यांनी पाहिला नव्हता, वीज नव्हती. ‘अन्वरनं टीव्हीवर विचारलं’ एवढं ऐकून त्यांनी पेरलं होतं.

इथे मला माझ्याबद्दल लिहायला हवं. तेव्हा एका इंग्रजी चॅनलवर रविवारी दुपारी अंतराळातली एक मालिका लागायची. वाट चुकलेलं एक जहाज, त्यातली माणसं, दर आठवड्याला नवा ग्रह. सगळ्या नांदुऱ्यात ती पाहणारी मी एकटी असेन. एकदा एका गिऱ्हाइकाने फोन केला होता: ‘मॅडम, ते इंग्लिश भुतं बंद करा, पोरं जेवून नाही राह्यले.’ तुमचे बाबा तेव्हा पुण्यात इंजिनियरिंगला होते. ते लहान असताना आम्ही त्यांना लोणारला नेलं होतं. काठावर उभे राहून त्यांनी विचारलं होतं, ‘ज्याने हा खड्डा केला तो दगड निघाला कुठून?’ तेव्हापासून त्यांचं डोकं आकाशात. मी प्रत्येक भाग त्यांच्यासाठी उतरवायची आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं एकामागून एक पाहायचो. ते खरंच आहे. पण ‘तुमच्या बाबांसाठी’ म्हणून मला सुटता येणार नाही. मला स्वतःला ती हवी होती. ती मालिका पाहताना आपण फोनवर सुनांची भांडणं सांगणारी बाई नाही, असं वाटायचं.

त्या वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत कोऱ्या कॅसेटी संपल्या. नव्या जळगावहून यायच्या होत्या, आल्या नाहीत. रविवार आला, आणि मालिकेचा शेवटचा भाग. मी कपाटासमोर उभी राहिले. जीभ शाबूत असलेली एकही कॅसेट उरली नव्हती; रोजच्या मालिकांच्याही मिरवणुकीतच गेल्या होत्या. मग मी लेबलं वाचत गेले. लग्न, नको. मिरवणूक, लोक ओरडतील. संमेलन, त्यात शाळेची पोरं. आणि मग निळ्या शाईत: शेती, कपाशी, अन्वरभाई. फवाऱ्यावरचं पाऊण तास बोलणं परत कोण मागणार?

सेलोटेप टेबलाच्या दुसऱ्या खणात होता. मी तुकडा कापला, भोकावर चिकटवला, कॅसेट मशीनमध्ये सरकवली. मशीन फसलं. चूक झाली, घाई झाली, असं मी पुढे पुष्कळदा स्वतःला सांगितलं. पण मी प्रत्येक लेबल वाचलं होतं.

त्या वर्षी पाऊस रुसला. बोंडअळी कमी होती, ते बियाण्याने खरं केलं. पण पानांचा रस शोषणारे तुडतुडे आले, पानं कडेने वळली आणि मग सगळं शिवार लाल पडलं. तुडतुड्यांवर त्या बियाण्याचा काही इलाज नव्हता, फवारा वेळेवर मारायला हवा होता. ते कळलं तेव्हा वेळ गेली होती.

दिवाळीनंतर एका सकाळी अन्वरभाई दुकानात आले. सोबत गावातले दोघे होते. त्यातला एक, पागोटेवाला म्हातारा, आत न येता पायरीवरच उभा राहिला.

‘भाऊ, ती कॅसेट पाह्यजे,’ अन्वरभाई आजोबांना म्हणाले. ‘गावात म्हनून राह्यले का अन्वरनं सांगतलं, फवारा नका मारू. मी सांगतलं नाही. मी विचारलं. सांगतलं दुकानदारानं. माहा आवाज अन् त्याचा आवाज लोकायले ऐकवतो, बस.’

पायरीवरून म्हातारा म्हणाला, ‘विचारणारा अन् इकणारा एकाच ताटात जेवत असंन तं?’

अन्वरभाईंनी मान वळवली नाही. ‘म्हनूनच कॅसेट पाह्यजे, काका.’

आजोबा खुशीत होते. ‘अहो, हिच्या रजिस्टरात आहे म्हणजे आहे. हिच्या हातून टाचणी हरवत नाही.’ आणि मला हाक मारली.

मी आतल्या खोलीत गेले. कॅसेट कपाटात होती, तिच्यावर नवीन लेबल होतं, आणि ते माझंच अक्षर होतं. मी ती हातात घेतली आणि परत ठेवली. बाहेर आजोबांचं ते ‘टाचणी’चं वाक्य अजून चालूच होतं, आणखी एका उदाहरणासह. मी बाहेर आले आणि म्हणाले, ‘त्या कॅसेटला बुरशी लागली. बाद केली.’

अन्वरभाई हळू आवाजात म्हणाले, ‘भाभी, बुरशी पान्यानं लागते. औंदा पानी कुठी पडलं?’

म्हातारा पायरीवर हसला. ते हसू मला नव्हतं, त्यांना होतं.

‘बाद केलेली तं दाखवा,’ अन्वरभाई म्हणाले.

‘फेकली.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ते दुसऱ्यांदा विचारतील. मी त्याची तयारीही केली होती. दुसऱ्या वेळी मला खोटं बोलता आलं नसतं, असं आज वाटतं. पण त्यांनी विचारलं नाही. ‘बरं, भाभी,’ म्हणाले, आजोबांना सलाम केला आणि पायरी उतरले. त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही सांगा, त्या माणसाने एखादा प्रश्न एकदाच विचारून सोडला हे कुणी खरं मानणार नाही.

ते गेल्यावर मी रजिस्टर काढलं आणि त्या नंबरपुढे लिहिलं: ‘बाद. बुरशी.’ तारीख मागची टाकली, पावसाळ्यातली. शाई तीच वापरली. मी नीटनेटकी बाई आहे; माझं खोटंही ओळीत होतं.

आजोबांना मी हे कधी सांगितलं नाही. ते गेले तेव्हाही त्यांच्या मते माझ्या हातून टाचणी हरवत नव्हती.

अन्वरभाई पुन्हा कार्यक्रमाला आले नाहीत. दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा निरोप आला, आता विचारायसारखं काही राहिलं नाही. पुढे त्यांच्या गावचं कुणी वायरच्या कामाला आलं की मी आडून चौकशी करायची. ‘हायेत ना. शेतात जातात, घरी येतात. पारावर नाही बसत आता. ग्रामसभेत मागं भिंतीले टेकून ऱ्हातात. बोलतच नाहीत.’ असंच पुष्कळ वर्षं ऐकलं. मग ते वारल्याचं ऐकलं. मी भेटायला गेले नाही.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे. तुमचे बाबा ते कॅसेटचं संगणकावर उतरवणारं यंत्र घेऊन आले, आणि साठी उलटून गेल्यावर मी पुन्हा कामाला लागले. दोन वर्षांत गावच्या सगळ्या कॅसेटी उतरवून इंटरनेटवर चढवल्या. मालिका चढवल्या नाहीत, त्या आपल्या नव्हेत, एवढं आता शिकले आहे. त्या ट्रंकेतच राहिल्या. मीराने रजिस्टरवरून यादी केली. लोकांनी काय काय लिहिलं. कुणाला मिरवणुकीत वारलेला भाऊ दिसला, कुणाला स्वतःच्या लग्नात रुसलेली मावशी. अर्णव, तू फोनवर म्हणालास, ‘आजी, तू गावाची मेमरी वाचवलीस.’ मी फोन लवकर ठेवला ते त्यामुळे. कुकरचं कारण सांगितलं, पण कुकर लागला नव्हता.

आणि मग यादीखाली त्या बाईंनी लिहिलं: ‘कपाशीच्या कार्यक्रमात माझे अब्बा होते. आमच्याकडे त्यांचा आवाज कुठेच नाही. तुमच्याकडे आहे का?’ खाली नाव, शबाना. आणि त्याखाली मीराचं उत्तर. बुरशी, आणि जिवापाड. माझ्या रजिस्टरातलं खोटं आता साऱ्या जगाला वाचता येत होतं, तेही माझ्या नातीच्या स्वच्छ शब्दांत.

दुसऱ्या दिवशी मी ट्रंक उघडली. ती कॅसेट ठेवायचीच नाही, तोडून टाकायची, असं मनात होतं. पण आधी लावली. का लावली, सांगता येत नाही. जहाज घरी पोचलं, नावं वर सरकली, पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या मुंग्या आल्या. आम्ही दरवेळी इथेच मशीन बंद करायचो. या वेळी मी उठलेच नाही. मुंग्या हलल्या, आणि निळा पडदा दिसला, फुलदाणी दिसली, आणि अन्वरभाई खुर्चीत पुढे वाकून बसलेले.

मालिकेचा भाग आमच्या कार्यक्रमापेक्षा आखूड होता. कार्यक्रमाचा शेवट पुसलाच गेला नव्हता. आणि शेवटी ते काय करतात हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

‘माहा सवाल दुबार विचारतो,’ ते म्हणत होते. ‘तुमी सांगतलं म्हनून, मी नाही. एकही फवारा नाही, असं लिहून घेऊ का?’

दुकानदार कपाळ पुसत म्हणाले, ‘घ्या ना लिहून.’

अन्वरभाईंनी खिशाचं पेन काढलं आणि खरंच लिहून घेतलं.

म्हणजे त्या सकाळी मी एवढंच म्हणायला हवं होतं, की मी पुसली, लावून पाहू या. पायरीवरच्या म्हाताऱ्याला ते तिथल्या तिथे ऐकू आलं असतं. पुसून मी त्यांचं काहीच नेलं नव्हतं. नेलं ते ‘बुरशी’ असं सांगून.

शबाना खामगावला दवाखान्यात नर्स आहे. मी तिला फोन करून बोलावून घेतलं आणि आधी सगळं सांगितलं, मग कॅसेट लावायला उठले. चहा तिने घेतला नाही.

‘अब्बाले ठाऊक होतं, काकू,’ ती म्हणाली. ‘घरी म्हनत, भाभीनं कॅसेट पुसली. पुसली तं पुसली, पन मले सांगाले काऊन भेली? अम्मी म्हने, जाऊन विचारा मंग. तं म्हनत, नाही. दुसऱ्या खेपेले त्या खरं बोलतीन, अन् मंग भाऊसमोर त्यायचं काय ऱ्हाईन?’

मी कॅसेट लावली.

तिने पूर्ण पाहिलं, हात मांडीवर ठेवून. संपल्यावर रडली नाही. म्हणाली, ‘परत लावा. कानासाठी झालं.’

मी परत लावलं.

ती चित्रफीत आम्ही दोघींनी मिळून इंटरनेटवर चढवली. खाली काय लिहायचं ते तिने मला लिहू दिलं, आणि मी लिहिलं, की बाकीचा कार्यक्रम मी पुसला आणि बुरशी लागल्याचं खोटं सांगितलं. गावातल्या ज्या अकरा घरांनी पेरलं होतं, त्यातली चौघं-पाच म्हातारी माणसं अजून आहेत. शबानाने त्यांना फोनवर दाखवलं. एकाने म्हणे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, ‘अन्वर तं विचारूनच राह्यला व्हता.’ पागोटेवाला म्हातारा त्यांच्यात नव्हता.

मीरा, तुझं उत्तर मी काढलेलं नाही. त्याच्याखाली माझं लिहिलं आहे, तेवढं वाच. रजिस्टरमध्येही खोडलेलं नाही, ‘बाद. बुरशी.’ तसंच आहे, पुढे आजच्या शाईत ‘हे खरं नाही’ आणि माझी सही आहे. जिभेचा तो तुकडा शबानाला अब्बांच्या पेनांच्या डब्यात सापडला. तो तिच्याकडे आहे. माझ्याकडे कॅसेट आहे, भोकावरचा सेलोटेप पिवळा पडला आहे, आणि तिच्यावर अन्वरभाईंची तीन मिनिटं चाळीस सेकंद शिल्लक आहेत.